खानावळ चालवते, शुगर उंबरठ्यावर आली आहे. भात-माशाच्या जेवणात वजन कसं उतरवू?

चूलवाली_मालवण

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मालवणात आमची घरगुती खानावळ आहे. बाजार आणि गल्ला हे बघतात, चूल माझ्याकडे. वय ४४, उंची पाच फूट एक इंच, वजन ७२ किलो. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११४, जेवल्यावर दोन तासांनी १७२, एचबीए१सी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.२. डॉक्टर म्हणाले, "अजून डायबेटीस म्हणणार नाही, पण उंबरठ्यावर आहात. वजनाकडे लक्ष द्या, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल."

गोळीची मला भीती नाही. भीती आईच्या पायाची आहे. आईला पंधरा-वीस वर्षं डायबेटीस होता. ओहोटीला ती कालवं काढायला खडकांवर जायची. एकदा शिंपेने तळव्याला चीर गेली आणि तिला कळलंसुद्धा नाही. घरी आली, ओटीवरून आत गेली, आणि लादीवर रक्ताचे ठसे बघून वहिनी ओरडली तेव्हा तिने पाय उचलून बघितला. ती जखम भरलीच नाही. शेवटी दोन बोटं काढावी लागली. ते सगळं मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून आत्ताच विचारते.

माझा दिवस सांगते, म्हणजे कुठे हात घालायचा ते तुम्हाला कळेल. पहाटे उठल्याबरोबर चहा, वाटप करायला घेतलं की दुसरा. पाहुणे नाश्त्याला आले की घावणे, आंबोळ्या. तव्यावरचा पहिला घावणा मोडतो, तो उभ्याउभ्या तोंडात जातो. कालवण झालं की तळहातावर घेऊन मीठ-आंबट बघायचं, सोलकढी बघायची, वडे फुगले की एक मोडून बघायचा. साडेबारा ते साडेतीन गिऱ्हाईक. मी जेवते चारला. तोपर्यंत इतकी भूक लागलेली असते की किती वाढून घेतलं याचं भान राहत नाही. टोपात उरलेला भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं कालवण, सुरमईची शेपटीकडची तुकडी, दोन वडे. जेवून आडवी. रात्री अकराला परत भात.

डाएटचे तक्ते खूप वाचले. सकाळी ओट्स, दुपारी किनोआ, संध्याकाळी सूप. वीस पानांचा स्वयंपाक करून माझ्यासाठी वेगळं काही शिजवणं मला चार दिवसही जमणार नाही.

भात सोडल्याशिवाय काही होईल का? चव बघणं माझं कामच आहे, ते कसं आवरू? सोमवार, एकादशी, संकष्टीला साबुदाणा चालतो का? आणि आता पाऊस लागेल, संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर चालायला जात होते तेही बंद. सासूबाई म्हणतात, "शीत नाय खाल्लंस तर चुलीकडे उभ्या ऱ्हवाक ताकद खयसून येतली?" त्यांना काय सांगू?

उभादांडा_निवृत्त

बाय, मी एसटीत कंडक्टर होतो. पन्नाशीच्या आत शुगर निघाली, आता चौसष्ट पूर्ण झाली. पाय, डोळे, किडनी देवाच्या दयेने शाबूत आहेत.

तू बाकी सगळं लिहिलंस, पण चहात साखर किती ते लिहिलं नाहीस. चुलीपुढची माणसं आणि एसटीतली माणसं चहावरच जगतात. सहा कप धर, कपाला दोन चमचे साखर. बारा चमचे झाले. चमचा सपाट धरला तरी चार-पाच ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसती पोटात ओतली, दोनशेच्या वर कॅलरी, आणि भूक आहे तिथेच. त्यात खारी, बटर, टोस्ट बुडवून खाल्ले तर तो मैदा वेगळा. एकदम बंद केलीस तर दोन दिवस डोकं धरेल आणि तिसऱ्या दिवशी परत घेशील. मी दोनाचा दीड, दीडाचा एक असं उतरवत आणलं. आता कुणाकडे गोड चहा मिळाला तर घोट गिळवत नाही. गुळाचा चहा चालतो असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. रक्तात गेल्यावर गूळ काय नि साखर काय, दोन्ही सारखीच.

दुसरं. चारला जेवणं बंद कर. गिऱ्हाईक यायच्या आधी, साडेअकराला, खाली बसून ताट वाढून घेऊन जेव. आम्ही लांबच्या ड्युटीला गाडी सुटायच्या आधी जेवून घ्यायचो. पोट भरलेलं असलं की फोंडाघाटात कोणी भजी पुढे केली तरी हात जात नाही. तुझं चव बघणंही त्यानेच निम्मं कमी होईल, कारण त्यातली अर्धी चव असते आणि अर्धी भूक.

सिस्टर_दापोली

ताई, मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. असंसर्गजन्य आजारांचं तपासणीचं काम बरीच वर्षं करतेय. तुमच्यासारखे आकडे घेऊन रोज कोणी ना कोणी येतं, आणि बहुतेक जण दुखत नाही म्हणून घरी जाऊन विसरतात. तुम्ही विसरला नाहीत, हे फार चांगलं केलंत.

आधी आकडे. एचबीए१सी ५.७ च्या खाली असावं. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या आधीची पायरी, ६.५ पासून डायबेटीस. उपाशीपोटी १०० ते १२५ ही तीच मधली पायरी. तुम्ही सगळीकडे मधे आहात. या पायरीवरून परत खाली उतरता येतं, याला भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत तीन हजारांवर माणसं घेऊन मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली छापून आला. वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढंच लक्ष्य होतं. डायबेटीस होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी झाला. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांवर असा अभ्यास केला, तो २००६ चा. त्यात फरक कमी पडला, साधारण २८ टक्के, पण तिथेही आहार-व्यायाम गोळीच्या मागे राहिला नाही. तुमच्या ७२ चे ७ टक्के म्हणजे पाच किलो. एवढंच डोळ्यांपुढे ठेवा. "पूर्वीसारखी पंचावन्न व्हायचंय" हा विचार सध्या बाजूला ठेवा.

दोन गोष्टी विचारते. गरोदरपणात कधी साखर वाढली होती का, किंवा बाळ जन्मताना चार किलोच्या आसपास होतं का? तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, अशा बायकांना पुढे डायबेटीसचा धोका बराच जास्त असतो. आणि हिमोग्लोबिन तपासलंय का? लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे हमखास राहून जातं.

आता भात. मी दापोलीची, सकाळची पेज आणि दुपारचा भात यावरच वाढले. भात सोडा असं मी कोणाला सांगत नाही, कारण सोडलेला भात महिन्याभरात दुप्पट होऊन परत येतो. मी ताट फिरवायला सांगते. आपल्या ताटात भाताचा डोंगर असतो, कालवण त्याला भिजवण्यापुरतं आणि भाजी चवीपुरती. ते उलट करायचं. अर्ध्या ताटात भाजी, पाव भागात मासा किंवा उसळ, उरलेल्या पाव भागात भात. भाजी आणि मासा आधी खायचा, भात शेवटी. पदार्थ तेच असले तरी या क्रमाने खाल्ले की जेवणानंतरची साखर कमी चढते.

उकडा तांदूळ पांढऱ्या सडीक तांदळापेक्षा बरा, साखर थोडी सावकाश वाढते. पण "उकडा आहे ना" म्हणून दोन डाव जास्त घेतले तर तो फायदा तिथेच संपला. नाचणीचंही तेच. तंतू आणि कॅल्शियम भरपूर, पण पीठ शेवटी पिष्टमयच आहे. नाचणीची एक भाकरी खा. तिचंच पातळ सत्त्व गूळ घालून पेलाभर प्यायलं तर साखर झपाट्याने वर जाते. माझ्याकडे येणारे निम्मे लोक ते औषध समजून पितात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सासूबाईंना सांगा की ताकद माशातून आणि कुळथातून येईल. बांगडा, तारल्या, पेडवे रोज खा, फक्त रवा लावून तेलात सोडलेली तुकडी रोज नको. कालवणातला किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला खा. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, चवळी, मूग हे तर आपलंच अन्न. वाटपात खोबरं किती पडतं तेवढं बघा. खोबऱ्याने साखर फारशी वाढत नाही, पण तेल भरपूर आहे आणि तुम्हाला वजन उतरवायचंय. एका नारळात पूर्वी चार माणसांचं कालवण व्हायचं, हॉटेलच्या चवीने आता दोघांचं होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकटावर भर जातो. त्यात मीठ फार. रक्तदाब असेल तर भिजवून, धुऊन घ्या.

पाऊस तुमच्या फायद्याचाच धरा. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवग्याचा पाला, अळू, सगळं आता दारात उगवेल. अर्धं ताट त्यानेच भरा.

साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, वर तूप, शेंगदाण्याचं कूट, आणि उपास म्हणून दोन वेळा तेच. तुमच्यासाठी तो आठवड्यातला सगळ्यात जड दिवस ठरतो. उपास सोडू नका, साबुदाणा सोडा. ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, एखादं लहान उकडलेलं रताळं. वरई खाल्लीत तर भातासारखीच मोजून खा.

आणि चालणं. दिवसभर उभं राहणं हे चालण्यात धरू नका. जेवल्यावर आडवं होण्याआधी पडवीत दहा-पंधरा मिनिटं येरझाऱ्या घाला, दोन्ही जेवणांनंतर. चालते स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि नेमकी तेव्हाच ती चढत असते. पायात चप्पल ठेवा. आईचं लिहिलंत म्हणून आवर्जून सांगते.

बागायतदार_जामसंडे

सिस्टरांनी छान लिहिलंय. मी फक्त एक बाजू जोडतो, कारण सगळे वजनावर बोलतात आणि माझं वजन जेमतेम ५८ किलो. कलमांवर चढणारा माणूस. तरी मला सत्तेचाळिसाव्या वर्षी डायबेटीस निघाला. घरात कोणाचा विश्वास बसेना, दोनदा तपासणी केली.

मग पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल वाचलं. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसतो आणि आत, पोटाच्या भोवती चरबी धरतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर ही मर्यादा. ताई, काट्याबरोबर टेपही घ्या. माझं वजन दोनच किलो उतरलं, पण कंबर ९३ वरून ८७ वर आली आणि साखर त्याबरोबर उतरली.

२०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभरचा अभ्यास आला. डायबेटीसचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात, २६.४ टक्के. गोवा आपल्याला लागूनच आहे. जेवण तेच, आता गाड्या आणि बसून राहणंही तेच. आमच्या गावात हे गंभीरपणे घेणारे फार थोडे आहेत, याची मला खरंच काळजी वाटते.

आंब्याचं कोणी विचारलं नाही, पण पुढच्या सीझनला विचाराल. मी हापूसच्या बागेत राहून हापूस सोडलेला नाही. मध्यम फळाचा गर दीडशे ग्रॅमच्या आसपास निघतो, त्यात साधारण वीस-पंचवीस ग्रॅम कर्बोदकं. मी अर्धं फळ खातो, कापून, सकाळच्या नाश्त्यात आणि त्या दिवशी नाश्त्याची भाकरी अर्धी करून. आमरस घेत नाही, कारण वाटीत तीन फळं कधी जातात ते कळत नाही. जेवणावर आंबा म्हणजे भातावर भात. ग्लुकोमीटर घरी आहे, त्यामुळे हे माझ्या शरीराला चालतं हे तपासून सांगतोय. तुम्ही तुमचं तपासा.

चूलवाली_मालवण

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा बारा चमच्यांचा हिशोब वाचून मी दिवसभर चमचे मोजले. तेवढेच निघाले.

सिस्टर, धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर उतरली, म्हणून परत कोणी विचारलं नाही, आणि मीही ते संपलं असंच धरलं होतं. बाळ ३ किलो ९०० ग्रॅमचं होतं. हे डॉक्टरांना सांगून आले. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि दर वर्षी तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन १०.१ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. एचबीए१सी त्यामुळे थोडं वर दिसत असेल, पण उपाशीपोटीचे ११४ काही त्याने येत नाहीत, असंही ते म्हणाले.

भाताचं सांगते. आमच्याकडे मसाला तोलायचा काटा आहे. चारच्या जेवणाला मी रोज घेते तेवढा भात सवयीने ताटात वाढला आणि ते ताट काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन वजा करून ४२० ग्रॅम. गिऱ्हाइकाला आम्ही पहिल्या वाढपाला साधारण २०० देतो. मग १५० ग्रॅम काढून बघितला. एक वाटी दाबून भरली की बरोबर तेवढा होतो. ती वाटी आता भाताच्या टोपातच ठेवते. मी तिनेच घेते आणि सासूबाईंनाही तिनेच वाढते. त्यांना अजून ताकदीचं म्हणणं पटलेलं नाही, पण पिठी दोन वाट्या मिळते म्हणून त्या गप्प आहेत.

साडेअकराचं जेवण फार उपयोगी पडलं. पहिले काही दिवस पोरी हसल्या, "मालकीणबाई गिऱ्हाइकाच्या आधी." आता त्याही माझ्याबरोबर बसतात. चव बघायला मी एक लहान चमचा वेगळा केलाय. तळहातावर घेतलं की चाटून पुन्हा घेतलं जातं, चमच्याने एकदाच. वडा मी बघतच नाही, तो बघायचं काम मोठ्या पोरीला दिलं. मोडलेला घावणा कोंबड्यांना जातो.

अडचण रात्रीची आहे. अकराला जेवून लगेच झोप. ते कसं बदलू?

गुहागर_गिरगाव

ताई, दोनच वेळा जेवण हा मार्ग बघा. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तो. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, मधे काहीही नाही. ताक, पाणी, बिनसाखरेचा काळा चहा तेवढा. मी मुंबईत नोकरीला असताना सुरू केलं, गावी आल्यावरही चालू ठेवलं. ९१ वरून ७९ किलो. तुमचं साडेअकराचं जेवण एक झालंच, दुसरं संध्याकाळी सातला गिऱ्हाईक यायच्या आत घ्या. अकराचं जेवण आपोआप सुटेल. चव बघणं मात्र या पद्धतीत बसत नाही, ते तुम्हाला ठरवावं लागेल.

सिस्टर_दापोली

दादा, तुमचं वजन उतरलं याचा आनंद आहे, आणि सातला जेवण हा सल्ला ताईंच्या कामाला बरोबर बसतो. पण इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी एक सांगते, आणि हे जीव तोडून सांगते. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी कोणतंही जेवण स्वतःच्या मनाने गाळायचं नाही. ती गोळी जेवण येणार असं धरून साखर उतरवते. जेवण आलं नाही की साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो. आमच्याकडे निर्जळी एकादशीला एका आजींना रिक्षातून आणलं होतं, साखर ४१. घरच्यांना वाटलं होतं अर्धांगाचा झटका. मेटफॉर्मिन एकटी असेल तर हा धोका फार कमी. तरी आधी डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्या, मग जेवणाच्या वेळा बदला.

ज्यांना डायबेटीस होऊन थोडीच वर्षं झालीत त्यांनीही आशा सोडू नये. ब्रिटनमध्ये २०१७ साली एक अभ्यास आला, डायबेटीस होऊन सहा वर्षांच्या आतली माणसं घेतली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांची साखर वर्षाच्या शेवटी गोळीशिवाय डायबेटीसच्या खाली होती. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा काम करायला लागतं, असं त्याचं कारण देतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दिवसाला ८५० कॅलरींच्या आसपास, काही महिने केलेलं होतं. घरी स्वतःच्या मनाने करायचं काम नाही. आणि वजन परत चढलं की साखरही परत आली.

ताई, सातला जेवणं जमत नसेल त्या दिवशी अकराला भात नको. पिठी, एक अंडं किंवा माशाची तुकडी, वाटीभर भाजी. एवढ्यावर झोप लागते.

चूलवाली_मालवण

चतुर्थी तोंडावर आलीय म्हणून परत लिहितेय. काल रिपोर्ट आले. वजन ६७.४, कंबर ९७ सेंटीमीटरवरून ९१. उपाशीपोटी १०१, एचबीए१सी ५.८. हिमोग्लोबिन ११.६ झालं. डॉक्टर म्हणाले गोळी नको, हेच चालू ठेवा. रिपोर्ट घेऊन सरळ आईच्या फोटोपुढे गेले.

मधे एक चांगलं झालं. मुंबईहून आलेले एक पाहुणे डायबेटीसवाले होते. त्यांनी विचारलं, "भात अर्धा करून भाजी वाढवून द्याल का?" तेव्हापासून फळ्यावर तशी थाळी लिहिली आहे. उकड्या भाताची एक वाटी, नाचणीची भाकरी, पिठी, पाल्याची भाजी, तव्यावरचा बांगडा, सोलकढी. पावसात गिऱ्हाईक कमी असतं, तरी रोज दोघं-तिघं मागतात. कोकम सरबताच्या जागी मी त्यांना आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) पाणी देते, बिनसाखरेचं, मीठ बेताचं.

आता विचारायचंय ते असं. चतुर्थीला घरात पंचवीस माणसं येतील. उकडीचे मोदक, करंज्या, पंचखाद्य, आणि सगळं मीच करणार. गणपतीचा प्रसाद नाही म्हणणं मला जमणार नाही आणि म्हणायचंही नाही. किती खाल्लं तर चालेल? आणि यांचं पोट सुटलंय, वय ४९, ते तपासायला तयार नाहीत. त्यांना कसं न्यावं?

उभादांडा_निवृत्त

बाय, लय बरं वाटलं वाचून. नवऱ्याला सांग उभादांड्याच्या काकाने फोन नंबर मागितलाय.

सिस्टर_दापोली

ताई, अभिनंदन. पाच किलोला थोडंच कमी आहे.

मोदकाचं पारीचं पीठ म्हणजे तांदूळ आणि सारण म्हणजे गूळ-खोबरं. म्हणून मोदक जेवणाच्या वर खायचा नाही, जेवणातल्या भाताच्या जागी खायचा. त्या दिवशी भाताची वाटी उलटी ठेवा, आधी ऋषीच्या भाजीसारखी भाजी, उसळ पोटभर, मग दोन मोदक तुपाचा एक थेंब घालून, बसून, चवीने. करंजी तळलेली, ती एखादीच आणि मोदकाच्या दिवशी नको. खरी काळजी दुसऱ्या दिवसापासूनची. डबे भरलेले असतात आणि येता-जाता हात जातो. चाकरमानी परत निघतील तेव्हा डबे त्यांच्याबरोबर बांधून द्या. आरतीनंतर पोरींना घेऊन वाडीतले गणपती बघायला चालत जा, दुचाकीने नको.

यांच्यासाठी दवाखान्याची वाट बघू नका. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, तुमच्या भागातल्या आशाताईंकडे यादी असते. त्यांना सांगा खानावळीतच या, सगळ्या पोरींची आणि मालकांची एकदमच तपासणी करा. बायको, आई आणि कामवाल्या पोरी बोट पुढे करून बसल्या की पुरुषमाणूस उठून जात नाही. चतुर्थीच्या आधीच बोलवा, नंतर त्यांनाही आठ दिवस सवड नसते.